लांब धाग्याचं पिल्लू

दोन हजार सहा सालच्या डिसेंबरात पिंपळटेक तांड्यावरच्या रुपीबाई राठोड यांच्या पिल्लाचं पोट बिघडलं. एरवी ही घटना तांड्याच्या बाहेर गेली नसती. ती जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंत कशी गेली हे क्रमाने सांगणं भाग आहे, कारण या प्रकरणात जे जे घडलं ते सगळं नियमाप्रमाणे घडलं.

कुत्र्याचं हे पिल्लू दारव्ह्याच्या बाजारातून आलं होतं. रुपीबाईंनी ते आणलं असं म्हणता येणार नाही. त्या मिरची विकून जीपमध्ये बसल्या, तेव्हा ते रिकाम्या टोपलीत आधीच झोपलेलं होतं. रंग पांढरा, पाठीवर तपकिरी ठिगळ. रुपीबाईंचे यजमान धावजी यांनी पहिल्या दिवशी त्याला अंगणातच ठेवायची ताकीद दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घोंगडीत घेतलं. पोरगी सासरी, पोरगा पुण्याला. घरात बोलायला तिसरं कुणी नव्हतं. पिल्लाचं नाव भुऱ्या ठेवण्यात आलं.

आठ दिवसांत भुऱ्याचं पोट डफासारखं फुगलं आणि पाय काड्या झाले. जेवढं दूध पाजावं तेवढं मागच्या बाजूने बाहेर. नवव्या दिवशी ओकारीतून पांढऱ्या शेवयांसारखं काहीतरी पडलं आणि ते वळवळलं. रुपीबाईंनी पिल्लू फाट्यावर नेऊन अकीलाला दाखवलं. अकीला ही वाहिद मेकॅनिकची बायको. गॅरेजच्या मागे तिच्या शेळ्या, कोंबड्या आणि तीन मांजरी असत, त्यामुळे आजूबाजूची सगळी आजारी जनावरं आधी तिच्याकडे येत.

"काकी, जंत हायेत येच्या पोटात," ती म्हणाली. "दूध बंद कर अन् दवाखान्यात ने. उद्यावर नको टाकू."

जनावरांचा सरकारी दवाखाना फाट्यावरच होता. डॉक्टर सज्जन होते. जंत आहेत हे त्यांनाही मान्य होतं, औषधही कपाटात होतं. पण औषध किलोमागे द्यायचं असतं, आणि मागच्या साली अंदाजाने वजन धरल्याबद्दल त्यांच्यावर ताशेरे आले होते. दवाखान्यातला काटा बैलांचा. अर्ध्या क्विंटलच्या खालचं काही तो मानत नसे. भुऱ्याला त्यावर ठेवलं तेव्हा काटा शून्यावरून हलला नाही, आणि शून्य किलोच्या जनावराला शून्य मात्रा बसते, हे डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं. लहान वजनाचा प्रमाणित काटा साऱ्या पंचक्रोशीत एकच होता, कापूस खरेदी केंद्रावर, नमुने तोलायचा. तिथला वजनाचा दाखला आणा, लगेच औषध देतो, असं त्यांनी सांगितलं.

केंद्राबाहेर कापसाच्या गाड्या पाच दिवसांपासून उभ्या होत्या. रुपीबाईही भुऱ्याला ओच्यात घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पिल्लू कण्हू लागलं तसे पुढचे गाडीवाले एकेक करून बाजूला झाले, आणि उन्हं कलायच्या आत त्या कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर किसनसिंग यांच्या टेबलापाशी पोचल्या. किसनसिंग यांनी चष्मा वर करून इथं फक्त कापूस तोलला जातो असं नम्रपणे सांगितलं.

"मंग कापूस लिवा," रुपीबाई म्हणाल्या. "रंग तसाच हाये."

किसनसिंग यांना यात हरकत घेण्यासारखं काही सापडेना. त्यांनी पावतीपुस्तक उघडलं. वजन, दोन किलो चारशे ग्रॅम. रंग पांढरा, डाग एक. कचरा, गोचिड्या आणि पिसवा धरून, मध्यम. ओलावा मोजायचं यंत्र भुऱ्याला लावताच त्याचा काटा टोकाला जाऊन अडकला, तो मार्चपर्यंत परत आला नाही. शेवटचा रकाना होता, 'अळी आढळली काय?' किसनसिंग तो वाचत असतानाच भुऱ्याने टेबलावर पुरावा सादर केला. किसनसिंग प्रामाणिक माणूस होते. त्यांनी 'होय' लिहिलं.

तिथेच सगळं बिनसलं. त्या वर्षी नव्या बियाण्याच्या पाकिटांनी जिल्हा भरला होता, आणि या बियाण्याच्या कापसाला बोंडअळी लागत नाही असं जिल्ह्याने वर लेखी कळवलेलं होतं. वरून अभिनंदनाचं पत्रही आलं होतं. अशा वेळी पिंपळटेकहून एक 'होय' येणं कुणालाच परवडणारं नव्हतं. चौकशीला त्रिसदस्यीय समिती नेमली गेली, आणि समिती येईपर्यंत नमुना जैसे थे ठेवावा, त्यावर कोणतीही फवारणी अथवा औषधोपचार करू नये, असा आदेश निघाला. डॉक्टरांनी तो दवाखान्याच्या दारावर चिकटवला.

समितीला यायला तीन दिवस लागले. या तीन दिवसांत भुऱ्याने शेपूट हलवणं सोडलं. अकीला मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत होती. धावजींनी जेवण कमी केलं आणि दात दुखतो म्हणून सांगितलं.

समितीने नमुन्याची पाहणी केंद्राच्या आवारात केली. सर्वांत कनिष्ठ सदस्याने हा नमुना कुत्र्यासारखा दिसतो असं हळूच सुचवलं. अध्यक्षांनी नियुक्तीपत्र वाचून पाहिलं. नमुना कशासारखा दिसतो हा विषय समितीच्या कक्षेत नव्हता. मग त्यांनी भिंग घेतलं आणि भुऱ्याने नुकतंच जे टाकलं होतं त्याचं निरीक्षण केलं. निष्कर्ष पाऊण तासात तयार झाला. पांढरे, गुळगुळीत, वीतभर लांबीचे आणि ओढले तरी न तुटणारे हे घटक अळी नसून उत्कृष्ट धागे आहेत. एवढ्या लांबीचा धागा जिल्ह्यात प्रथमच आढळत आहे. सबब नमुना अळीमुक्त असून प्रथम प्रतीत मोडतो.

धागा वळवळतो कसा, असं रुपीबाईंनी विचारलं. तो लवचिक असल्याचं अध्यक्ष म्हणाले आणि तो शब्दही निष्कर्षात घातला.

रुपीबाई प्रमाणपत्र घेऊन तशाच दवाखान्यात आल्या. भुऱ्या ओच्यात ओल्या फडक्यासारखा पडला होता. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. वजन होतं, सही होती, शिक्का होता. पण अळीमुक्त म्हणून प्रमाणित झालेल्या जिवाला जंताचं औषध दिलं, तर ते प्रमाणपत्र खोटं ठरवल्यासारखं होईल, आणि तसा अधिकार तालुका पातळीवर नाही, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

रुपीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि भुऱ्याला त्याच्या शेजारी.

"साहेब, हा कागद धडधाकट हाये अन् हे पिल्लू मरून राह्यलं. दोघांतलं कोनाले वाचवता, तेवढं सांगा."

डॉक्टर उठले, कंपाउंडर श्रावण यांना म्हणाले की कपाटाला कुलूप राहू द्या, मी चहाला जातो, अर्धा तास लागेल. आणि जाताना कपाटाची किल्ली टेबलावर, बरोबर प्रमाणपत्रावर, ठेवून गेले.

श्रावण यांची नोकरी सव्वीस वर्षांची झाली होती, त्यामुळे त्यांना तोंडी आदेशाचा खरा अर्थ कळत असे. त्यांनी दोन किलो चारशेच्या हिशेबाने औषध पिचकारीत भरलं आणि भुऱ्याच्या गालाच्या कोपऱ्यातून थेंबथेंब सोडलं. दूध नको, भाताची पातळ पेज द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा आणा. जे पडेल ते राखेत गोळा करून खोल पुरा आणि हात साबणाने धुवा, नाहीतर उद्या तुम्हीच प्रथम प्रतीत जाल, एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुऱ्याच्या पोटातून जो धागा निघायला लागला तो दुपारपर्यंत थांबला नाही. अकीलाने सगळा राखेसकट तेलाच्या रिकाम्या डब्यात भरला. संध्याकाळी भुऱ्याने बशीभर पेज चाटली, बशी उलटी केली आणि धावजींची चप्पल पळवली. धावजी अनवाणी त्याच्यामागे सगळा तांडा फिरले. त्यांचा दात त्याच संध्याकाळी बरा झाला, आणि रुपीबाई ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

डबा पुरायचाच होता, तेवढ्यात केंद्राची जीप आली. प्रथम प्रतीचा म्हणून प्रमाणित झालेला माल अद्याप केंद्रात जमा नाही, अशी नोंद राहिली होती, आणि किसनसिंग स्वतः माल उचलायला आले होते. त्यांच्या हातात रिकामं पोतं होतं. भुऱ्या पोत्याचा वास घेऊ लागला. धावजींनी त्याला उचलून पोटाशी धरलं आणि मागे सरले.

रुपीबाईंनी किसनसिंग यांना समितीचं प्रमाणपत्र वाचायला सांगितलं. सरकारने नेमका कशाला पहिला नंबर दिला ते मोठ्याने वाचा, म्हणाल्या. किसनसिंग यांनी वाचलं. वीतभर लांबीचा, लवचिक धागा.

"तो सारा निघाला," रुपीबाई म्हणाल्या आणि अकीलाच्या हातातला डबा त्यांच्यापुढे केला. "हा तुमचा. उरलं ते कुत्रं हाये."

किसनसिंग यांनी डब्यात पाहिलं. मग त्यांनी पावतीवर 'माल पूर्ण मिळाला' असं लिहून सही केली, डबा पुढच्या सीटवर बसून मांडीवर घेतला आणि तो त्याच संध्याकाळी प्रथम प्रतीच्या गंजीवर ओतून मोकळे झाले.

ती गंजी जानेवारीत उचलली गेली. तिची सरकी काढली, गाठी बांधल्या, सूत कातलं, कापड विणलं आणि ते पांढरंशुभ्र निघालं म्हणून त्याचे सदरेच शिवले गेले. आपण हे वाचताना अंगात असा एखादा सदरा असेल, तर कॉलरच्या आतली चिठ्ठी जरा बघा. तिच्यावर 'शंभर टक्के शुद्ध कापूस' असं छापलेलं असलं, तर निश्चिंत राहा. मानेपाशी काही वळवळल्यासारखं वाटलं, तर तो लवचिकपणा आहे. समितीने तसं लेखी दिलेलं आहे.