हलू नका, स्क्रीनशॉट निघतोय!

स्क्रीनशॉट काढण्याआधी घरातला पंखा बंद करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या शेजारी राहतो. खानझोडे काका. कोलार रोडवरच्या आमच्या सोसायटीत, आमच्या भिंतीला लागूनच.

काका मूळचे नागपूरचे. सरकारी खात्यात नकाशे काढता काढता भोपाळातच रिटायर झाले. रोज संध्याकाळी पुण्याहून त्यांची मुलगी सई बैठकीतल्या डेस्कटॉपवर व्हिडिओ कॉल करते, आणि रोज काका त्या कॉलचा स्क्रीनशॉट काढतात. त्या वेळी घरात जो कोणी असेल त्याची सुटका नाही. मी नुसती विरजण मागायला गेले तरी सापडते.

"चला, बसा पटापट! नीता पोरी, केस नीट कर गं. पंखा बंद! आता बिलकुल हलायचं नाही बाप्पा!"

मग काका स्निपिंग टूल उघडतात, किती सेकंदांनी फोटो निघायला हवा ते लावतात, आणि पळत येऊन काकूंच्या शेजारी ताठ बसतात. मे महिना, आणि पंखा बंद! मी घामानं निथळतेय, आणि काका ओठ न हलवता पुटपुटतात, "श्वास हळू घे."

"अहो काका, स्क्रीनशॉट आहे हा! आपण हललो म्हणून काय होतंय?"

"तुमच्या मोबाईलचं राहू दे. डेस्कटॉपचं वेगळं असतं."

काकूंना तर खास हुकूम. "हं, सईला टाटा कर. उजव्या हातानं. अजून वर. आता तसाच ठेव!" दिवाळीत काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवा हात मांडीवरून उचलायचा म्हणजे केवढे कष्ट, बोलणंही अडखळत. मला काकांचा भारी राग यायचा. स्वतःच्या हौसेपायी बिचारीला कशाला छळायचं?

एक दिवस मी उठलेच. काकांच्या आधी जाऊन विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही दोन बटणं एकदम दाबली. स्क्रीन क्षणभर मंद झाला. "हे बघा, निघालासुद्धा!"

काकूंचा अर्धवट उचललेला हात परत मांडीवर आला. काकांचा चेहरा एकदम उतरला.

मला सोडायला दारापर्यंत आले तेव्हा हळूच म्हणाले, "मला काय समजत नाही का बाप्पा? शेवटी शेवटी सगळे नकाशे कॉम्प्युटरवरच काढले ना मी. अगं, व्यायाम म्हटलं की ती रडते. शिकवायला येणाऱ्या मुलीला परत पाठवलं तिनं. पण सईसोबत फोटो म्हटलं की पदर सारखा करून हात उचलते. तीन सेकंदांपासून सुरू केलं, मग पाच केले. आज दहा लावणार होतो."

"आणि पंखा?"

"नुसतं हलू नका म्हटलं तर कोण ऐकतं? पंखा बंद केला की सगळ्यांना खरं वाटतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी केस विंचरून स्वतःहून हजर. काकूंच्या खुर्चीशेजारच्या भिंतीवरचं पंख्याचं बटण मीच बंद केलं. काकांनी दहा सेकंद लावले.

काकूंचा हात वर गेला. थरथरायला लागला. पलीकडे सई पापणीही न हलवता बघत होती. देवा, टिकू दे रे, एवढंच माझ्या मनात. फोटो निघाला आणि काका ओरडले, "झालं!"

पण हात खाली येईना. काकूंनी तो तसाच भिंतीकडे नेला, चाचपडत बटण शोधलं, आणि पंखा लावला.

"पोरीला... किती उकाड्यात... बसवाल?" काकू म्हणाल्या. "मला कळतं हो... सगळं."

काका अर्धवट उठलेले, तोंड उघडंच. मग एकदम भानावर आले. "अगं थांब! हे फोटोत आलंच नाही! परत कर, परत!"

"बाबा, मी काढलाय," सई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती.

तोच फोटो आता काकांच्या डेस्कटॉपवर लावलेला आहे. येईल त्याला दाखवतात. काका अगदीच खोटं बोलत नव्हते म्हणायचं, कारण हलल्यामुळे ते स्वतः त्यात पार पुसट आलेत, आणि मी तर ओळखूच येत नाही. पंख्याच्या बटणावरचा काकूंचा हात मात्र स्वच्छ दिसतो.