जुनी दाढ जमा

स्टोअरकीपरसाहेबांची दाढ सकाळी साडेनऊला निघाली आणि निघाल्याबरोबर त्यांनी ती कागदात बांधून मागितली.

"कशाला हो?" दंतवैद्यबाई दचकल्या.

साहेबांना काही बोलता येईना. तोंडात कापसाचा बोळा होता. खुलासा बायकोनेच केला, दमलेल्या आवाजात. "त्यांच्या स्टोअरमध्ये जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही. पुढे कवळी लागली तर पंचाईत नको." (घरीही साबणाची झिजलेली चकती दाखवल्याशिवाय नवी वडी कपाटाबाहेर येत नसे.)

"बरं, भूल उतरायच्या आत ही गोळी घ्या," बाई म्हणाल्या. "दुखायची वाट बघू नका. ठणका एकदा चढला की लवकर उतरत नाही."

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढून चिठ्ठीवर लिहिलं, 'मागणी नसताना माल सोडू नये.'

बायकोने ते वाचलं आणि गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली. वाद घालण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. "दुखलं की फोन करा," ती म्हणाली. "बोलता आलं तर."

साहेब तसेच कारखान्यात गेले.

साडेअकराला भूल उतरली. ठणक्याने आधी दारावर टिचकी मारावी तसं केलं, मग लाथा घातल्या आणि बाराच्या सुमारास तो बिऱ्हाडासकट राहायलाच आला. बायकोला यायला तास लागला असता. पण प्रथमोपचाराची पेटी साहेबांच्याच कपाटात होती आणि किल्ली त्यांच्याच कमरेला.

त्यांनी रीतसर मागणीची चिठ्ठी लिहिली. 'घेणारा' इथे सही केली. 'देणारा' इथे पेन टेकवलं आणि हात थांबला. समोरच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात नियम होता. घेणारा आणि देणारा एकच असल्यास खातेप्रमुखाची सही आवश्यक.

साहेबांनी चिठ्ठीवर लाल शाईने 'नामंजूर' लिहिलं. (सव्वीस वर्षांत अर्जदाराची दया येण्याची ही पहिलीच वेळ.)

खातेप्रमुख म्हणून जवळ एकच माणूस होता, वेल्डिंगचा फोरमन. तो तीन आठवडे हातमोज्यांसाठी खेटे घालत होता. जुने मोजे जळून राख झाले होते, त्यामुळे जमा करायला त्याच्याकडे काहीच नव्हतं आणि नवे अर्थातच मिळाले नव्हते.

साहेब एका हाताने गाल धरून, दुसऱ्या हातात नवी चिठ्ठी घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले.

"या साहेब, या! सही ना? देतो की." फोरमनने सावकाश चष्मा पुसला. "वस्तू, दुखण्यावरची गोळी, एक. कारण, ठणका. वा, अक्षर काय सुरेख! पण 'जुनी वस्तू जमा' हा रकाना कोरा दिसतोय."

"गोळी जुनी कुठून आणू, बाबा?"

"मोजे जळले तेव्हा मीही हेच म्हणालो होतो."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते ठणक्याचं की आणखी कशाचं हे ठरवण्याचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली.

फोरमनने ती उलगडली आणि खुर्ची मागे सरकवली. "आई गं! ही एवढी तोंडात होती?" मुकाट्याने सही करून त्याने खाली लिहिलं, 'दाढ एक, निकामी, मिळाली.'

गोळीला गुण यायला तब्बल दीड तास लागला. त्या दीड तासात साहेबांनी हातमोज्यांचे दोन जोड जुनं काही न मागता वेल्डिंगला पाठवून दिले आणि रजिस्टरात 'जळाले' असं लिहिलं. लिहिताना काही दुखलं नाही, याचं त्यांना जरा नवलच वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन ते चप्पल काढतात न काढतात तोच ठणका पुन्हा सुरू झाला.

"अगं, ती पट्टी दे लवकर!"

बायकोने पाण्याचा पेला भरला, पट्टी हातात घेतली आणि दुसरा हात पुढे केला. "चिठ्ठी?"

साहेबांनी निमूटपणे चिठ्ठी लिहून दिली.

"आणि जुनी वस्तू?"

"ती फोरमनकडे जमा झाली गं."

"असं होय." बायकोने सुस्कारा टाकून चष्मा लावला आणि टेबलावरचा दिवा त्यांच्या तोंडाकडे वळवला. "मग आ करा बघू. आता कुठली देताय?"