विश्वास आहे, पण तोंड तिकडे फिरवा

पासवर्ड टाकायच्या आधी भोयर मॅडम सगळ्या ऑफिसला भिंतीकडे बघायला लावायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. एकदा आमचे शेठच त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. मॅडमनी कीबोर्डवर पदर धरला.

"शेठ, तुमच्यावर विश्वास आहे. पन तोंड तिकडे फिरवा."

आणि ज्यांची जिनिंग, ज्यांचा कॉम्प्युटर, ते शेठ मुकाट्यानं लक्ष्मीच्या फोटोकडे बघत राहिले.

कापसातली सरकी काढणाऱ्या आर्वीच्या त्या जिनिंगमध्ये मी हिशेब बघायचो. आता नागपुरात काचेच्या ऑफिसात बसतो, कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. पण चहात रुईचे तंतू तरंगायचे ते आर्वीचं ऑफिस अजून आठवतं, आणि त्याच्या मधोमध कॉम्प्युटरचा कारभार सांभाळणाऱ्या मॅडम. बाहेरून येणाऱ्याचा पेनड्राइव्ह त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून घ्यायच्या. माझा पासवर्ड म्हणजे माझंच नाव, हे कळल्यावर त्यांनी तो भर चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवला. "गोठ्याले तरी कडी असते, भाऊ. तुमचं तं तेही नाई!"

आम्ही हसायचो. "म्याडम, आपल्या या जिनिंगमधून कोन काय चोरते?"

"बाहेरच्याचं भेव नाई मले," त्या म्हणायच्या. "त्याले कुलूप दिसते. आतल्याजवळ किल्लीच असते."

त्यांचा एकच माणूस लाडका होता. सचिन. काट्यावर गाड्यांची वजनं नोंदवायचा. हिंगणीचा, आर्वीत खोली करून राहायचा. मॅडमच्या डब्यात त्याच्या वाटणीची भाजी असायचीच. "खाय न रे, काऊन लाजून राह्यला?" असं म्हणत त्या त्याला वाढायच्या. तोंड फिरवायला मात्र त्यालाही लावायच्या.

मग एका हंगामात विचित्र प्रकार सुरू झाला. कापूस खरेदीचा भाव शेठ सकाळी ठरवायचे, मॅडम तो कॉम्प्युटरवर टाकायच्या. आमचं फाटक उघडायच्या आधीच शेजारच्या जिनिंगवाल्यांच्या बोर्डावर आमच्याहून थोडा चढा भाव लागलेला असायचा. गाड्या आमच्या दारापर्यंत येऊन तिकडे वळायच्या. शेठ हादरले. जिनिंग बंद ठेवायची भाषा बोलू लागले.

मॅडमनी एका सकाळी प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगवेगळा भाव टाकला. खरा भाव शेठना आणि त्यांनाच ठाऊक. मग त्या फाटकाबाहेर जाऊन शेजारचा बोर्ड वाचून आल्या आणि खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या.

बोर्डावरचा भाव सचिनच्या स्क्रीनवरच्या भावाच्या जरासा वर होता.

त्यांनी शेठना सांगितलं. मग सचिनला बोलावलं. "काऊन केलं रे?"

सचिन खाली बघत म्हणाला, "तिकडे मॅनेजर करतो म्हनलं होतं त्याईनं."

"मले सांगतलं असतं. मी बोलली असती न शेठसोबत."

पोलिसात द्यायचं नाही, एवढंच त्यांनी शेठकडे मागितलं. सचिन निघाला. लगेच त्याचं खातं बंद करायला मॅडम कॉम्प्युटरसमोर बसल्या. स्वतःचा पासवर्ड त्यांचा पुन्हा पुन्हा चुकत होता. त्या दिवशी त्यांनी कुणाला तोंड फिरवायला सांगितलं नाही. आम्हीच फिरवलं.

पुढे मी नागपूरला आलो, मॅडम निवृत्त झाल्या. गेल्या हिवाळ्यात बोर धरणाकडे जाताना हिंगणीत चहाला थांबलो, तर समोरच्या कृषी केंद्रातून सचिननं हाक मारली. केस पिकायला लागले होते. तो तिथला सगळा कारभार बघत होता.

"म्याडमनंच लावून देल्लं," तो म्हणाला. "मी घरी बसलो होतो. तोंड दाखवाची सोय नव्हती. आल्या एक दिवस एसटीनं अन् मले घेऊन इथं. मालकाले समदं सांगतलं, मी काय केलं ते. लाजच वाटली मले. मंग म्हने, कामाले चांगला आहे, ठेवा याले. पन सध्या पासवर्ड नका देऊ."

"मग मिळाला का कधी?"

"भेटला न. मालकानं आधी म्याडमले फोन करून इचारलं." तो हसला. "अजून येतात कधीमधी. मायजवळ बसतात. तिकडे घरी कोनी नाई न त्याईले."

तेवढ्यात सेलूकडून बस आली. उतरणाऱ्यांत भोयर मॅडम होत्या. थकलेल्या, हातात तुरीच्या शेंगांची जड पिशवी. मला बघून त्या चपापल्या.

"धरन पाहाले आली होती मी," त्या घाईनं म्हणाल्या. "म्हटलं, एकडाव पाहून घ्यावं."

"मीही तिकडेच चाललोय. चला माझ्या गाडीतून."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आज नाई," त्या म्हणाल्या. "आज ऊन लय आहे."

डिसेंबरची सकाळ होती. सचिननं पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली, आणि दोघं गावातल्या रस्त्याला लागले.