शोकगीताची वरात

पेद्रू मेस्तर मयताच्या पेटीवरसुद्धा ताल धरायचा. खोटं वाटेल, पण मी या डोळ्यांनी पाहिलंय. वाडीतल्या एका म्हाताऱ्याला पोचवायला निघाले होते. मेस्तर पुढच्या खांदेकऱ्यांत, आणि त्याची बोटं पेटीच्या फळीवर टकटक चाललेली. मागच्याने डोळे वटारले. मेस्तर म्हणाला, "अरे, ताल असला का वजन लागत नाय रे!"

आमचं घर ठाण्याला, आणि परसामागे लगेच ख्रिस्ती लोकांची वाडी. मी कलेक्टर कचेरीत कारकून. कल्याणच्या पुढे घाटात आगगाडी चढू लागली, त्याला वीसेक वर्षं झाली असतील, तेव्हाच्या या गोष्टी. मेस्तर म्हणजे मास्तर, त्यांच्या देवळातला गाणारा. ते लोक चर्चला देऊळच म्हणतात. तिथे मागच्या बाजूला लाकडी माळा होता. त्यावर उभा राहून हा गृहस्थ तीस वर्षं गात होता.

गाणी फिरंग्यांच्या अमलातली, दोन-अडीचशे वर्षांची, लॅटिन भाषेतली. आज्याने बापाला शिकवली, बापाने याला. गाणं कशावर एवढं ठाऊक, शब्दांचा अर्थ तिघांनाही नाही. "अर्थ देवाला म्हाईत, आपल्याला सूर म्हाईत," असं म्हणून मोकळा. जाड आवाजाची दोन माणसं खाली तेच ते चार सूर उतरत उतरत म्हणत राहायची, आणि वर मेस्तर मनाला येईल तसा भटकायचा. आजचं भटकणं उद्या नाही.

एरवी तो लग्नांत बँड वाजवायचा. आणि खोड अशी की देवळातलं गाणं लग्नात न्यायचं आणि लग्नातला ताल देवळात आणायचा! माळ्यावर गाताना टाच अशी हाणायचा की फळ्या हादरत. कोणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "सूर पाद्रीचा, ताल आपला!"

बायको रेजीन ठार बहिरी. "म्हणूनच टिकली बिचारी," ही आम्हा शेजाऱ्यांची थट्टा. देवळात बाकीच्या बायका पुढे चटयांवर बसत, ही मात्र माळ्याच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर. नवऱ्यावर नजर ठेवते, असंही आम्हीच म्हणायचो. आम्हाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न कल्याणला होतं. मोठ्या हौसेने मी मेस्तरचा बँड ठरवला. वरात निघाली आणि त्याने असं काही सुरू केलं की आमचे व्याही, ज्यांना हसतानाही कोणी पाहिलं नव्हतं, ते मान डोलवू लागले. वरमाय तर चक्क ठुमकली. "वा! पुन्हा होऊ द्या!" असं दोनदा झालं. मी हळूच विचारलं, "मेस्तर, हे कुठलं हो?"

"येशूची आय क्रुसापाशी रडते ना, त्ये."

"अहो, लग्न आहे हे!"

"मंग? पोरगी चालली, तिची आय रडत नाय काय? सूर रडतो, ताल नाचतो. लगीन म्हंजे तरी दुसरं काय, भाऊराव?"

मागे वळून पाहिलं, तर आमची काकू पदराने डोळे पुसत होती. तिथे गप्प बसलो तसा कचेरीतही बसलो असतो तर!

पण नाही. तिखटमीठ लावून मी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. क्रुसाच्या गाण्यावर व्याही नाचला म्हणून लोक पोट धरधरून हसले, आणि मला वाटलं, काय आपण रंगवून सांगतो! आमच्या शिरस्तेदाराला गोऱ्या माणसाशी इंग्रजी बोलायची भारी खाज. वाडीच्या देवळाचा नवा गोरा पाद्री जमिनीच्या कामाला कचेरीत आला, तेव्हा याने ती गोष्ट त्याला हसत हसत ऐकवली. पाद्री हसला नाही.

पुढच्याच रविवारी मेस्तरला माळ्यावर चढायला बंदी झाली. नवी, सरळसोट गाणी आली. ज्यांच्या बारशाला, लग्नाला, मयताला हा तीस वर्षं गायला, त्यांतला एक माईचा लाल तोंड उघडेल तर शपथ! आणि त्यांना तरी काय बोलू? आग लावणारा मीच.

"रेजीनला सांगितलं नाय," मेस्तर मला म्हणाला. "खुणेनं म्हटलं, गुडघा धरलाय, जिना चढवत नाय."

"सांगून टाका की."

"सांगायचं म्हंजे वरडायला लागंल. सगल्या वाडीला कलंल."

"वाडीला माहीतच आहे, मेस्तर."

"ठाव हाय. पन आपल्या तोंडानं नको."

येशू क्रुसावर गेला तो शुक्रवार आला. मेस्तरचं ते रडणारं गाणं देवळात वर्षातून एकदा, त्याच दिवशी व्हायचं. माफी मागायची असं ठरवून मी दुपारी त्याच्याकडे गेलो. मेस्तर ओटीवर बसला होता, धडधाकट गुडघ्याला फडकं बांधून. देवळातून नवं गाणं ऐकू येत होतं. गाणारे चुकत नव्हते, एवढंच म्हणता येईल. दोघेही आम्ही हवापाण्याचं बोलत राहिलो.

मग रेजीन देवळातून आली. पायऱ्या चढता चढताच, बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "बरं जालं तुमी आला नाय! आज कोन गायलाच नाय. मी पायरीवर हात ठेवून बसलेली. शेवटपरेंत काय आलंच नाय हाताला."

मेस्तरने तिला खुणेने सांगितलं, हो, बरं झालं. मग फडक्याची गाठ सोडून तो ती पुन्हा बांधत बसला. मी उठून जोडे शोधू लागलो. माफी तोंडात तशीच राहिली, ती अजून तिथेच आहे.