लंगड्या ड्रॅगनचा शोक

सिनेमाचा दुसरा भाग बघायला जायचं असं मी जाहीर केलं, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. (करायला हवा होता.)

मी ग्रंथालयात बाइंडर आहे. फाटकी पुस्तकं उसवायची, शिवायची, वर पुठ्ठा चढवायचा. लोक पुस्तकं बाहेरून बघतात, मी आतून बघतो, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असतो. आतून पाहिलेल्या हजारो पुस्तकांत माझा जीव जडला तो एकाच कादंबरीवर, लंगड्या ड्रॅगनच्या. माझी प्रत मीच बांधलेली. वीस वर्षांत चौदा वेळा वाचून झाली. शेवटी तो म्हातारा ड्रॅगन मुलांना पाठीवर घेऊन दरीपार पोचवतो आणि स्वतः दरीत कोसळतो. संपलं पुस्तक! चौदाही वेळा मी ढसाढसा रडलो.

त्या कादंबरीवर निघालेल्या पहिल्या सिनेमात त्यांनी ड्रॅगनचं लंगडणं जसंच्या तसं ठेवलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण दरी येणार होती दुसऱ्या भागात. हे सिनेमावाले त्याला नीट मरू देतील का, ही एक काळजी. आणि नीट मेला तर मला बघवेल का, ही दुसरी. पंधरा दिवस घास गोड लागेना. एका शब्दकोशाला तर मी पुठ्ठा उलटा चढवला.

"एवढा त्रास होतोय तर जाऊ नका ना," बायको म्हणाली.

"शेवटच्या क्षणी मी त्याच्याजवळ असायला हवा."

"मग मीही येते. तुमच्याजवळही कुणीतरी हवं."

थिएटरात मी सहा रुमाल घेऊन बसलो. शेजारच्या अनोळखी काकूंना त्यातले दोन आधीच दिले. "आता जाणार तो," मी कुजबुजलो, "मन घट्ट करा."

ड्रॅगन कोसळला. मी हंबरडा फोडला. मला बघून काकूंनीही फोडला. आणि तेवढ्यात दरीच्या काठावर एक पंजा दिसला! मागोमाग धापा टाकत, कुरकुरत ड्रॅगन अख्खाच्या अख्खा वर आला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सिनेमा संपून दिवे लागताच मी उभा राहून ओरडलो, "शुद्ध फसवणूक! तिसरा भाग काढायचाय म्हणून जिवंत ठेवलाय मेल्याला!"

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी वळली. "काका, पुस्तकातही तो जगतोच."

"बाळ, मी चौदा वेळा वाचलंय."

"पण शेवटचं प्रकरण वाचलंत का?" असं म्हणून तिनं पिशवीतून पुस्तकच काढलं.

दरीनंतर आणखी सोळा पानं होती. सोळा! आमच्या कामात सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात, आणि बांधताना माझ्या हातून एक अख्खा फर्मा भलतीकडेच गेला होता. कुठे गेला, तेही लख्ख आठवलं. फार वर्षांपूर्वी एक रिटायर्ड इंजिनिअर मीच बांधलेलं मधमाशीपालनाचं पुस्तक घेऊन आले होते. शेवटी अचानक ड्रॅगन येतो, अशी त्यांची तक्रार होती. "परदेशी माश्या असतील," असं मान वर न करता सांगून मीच त्यांना वाटेला लावलं होतं.

मी मटकन खुर्चीत बसलो. पण खरं सांगू? लाज वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. तो जिवंत होता! मी इथे उशा भिजवत होतो, आणि तो तिकडे मधमाश्यांच्या मागे मजेत कुरकुरत होता. उरलेले चारही रुमाल मी आनंदाने भिजवले.

घरी येताना बायकोला त्या सोळा पानांचं जराही नवल वाटलेलं दिसेना. मला शंका आली.

"तुला हा शेवट माहीत होता?"

"हो की. लग्नाआधीच वाचलंय मी ते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही म्हणालात, 'तो ड्रॅगन त्या दरीतच संपला.' मला वाटलं, वर आला तरी आतून संपला, असं काहीतरी म्हणायचंय. केवढा खोल विचार! नंतर विचारायची हिंमत झाली नाही, वाटलं आपल्यालाच कळलं नसेल. अहो, त्या वाक्यावर तर मी लग्नाला हो म्हटलं."

"आणि आता?" मी चाचरत विचारलं.

"आता काय! शेवटपर्यंत न वाचताच दोघांनी मत देऊन टाकलं. तुम्ही पुस्तकाबद्दल, मी तुमच्याबद्दल."