प्रगती पोहोचली

खर्ड्याजवळच्या एका वस्तीच्या ओढ्यावर पूल मंजूर झाला आणि तो बांधून घेण्याची जबाबदारी कनिष्ठ अभियंता यामिनी मुळे हिच्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात तिने कार्यालयाला कळवले, "एक खांब झाला. दुसऱ्याचा पाया खणतो आहोत."

उपअभियंता सुनीलसाहेबांनी तिला बोलावून घेतले. "मॅडम, ही माहिती झाली. आपल्याला प्रगती कळवायची आहे."

त्यांनी परिपत्रक पुढे सरकवले. पुलाशी ज्यांचा संबंध ते सर्व हितधारक. त्यांना दर सोमवारी मोबाईलवर चार टक्के वाढीव प्रगती, तीन छायाचित्रे आणि एक समाधानी चेहरा पाठवणे बंधनकारक होते. वस्तीवरची निम्मी माणसे कोपरगावकडे ऊसतोडीला गेली होती, तीही हितधारकच. फडात उभ्या उभ्या ती छायाचित्रे बघत आणि अंगठ्याचे चिन्ह पाठवत.

कामावर गवंडी आसाराम आणि दोन मजूर. सोमवारी छायाचित्रे निघत, मंगळवारी कोन चुकला म्हणून पुन्हा निघत. समाधानी चेहऱ्याचे काम आसारामकडे होते.

"मॅडम, हसू का बांधू?" त्याने एकदा विचारले.

यामिनीने घड्याळ पाहिले. "आज हसा."

पुढे प्रगतीदर्शक फलक लावण्याचा आदेश आला. तो दोन्ही काठांवरून वाचता यायला हवा, म्हणून दोन फलक झाले. वाऱ्याने पडू नयेत म्हणून त्यांना भक्कम ओटे बांधले. त्यात दुसऱ्या खांबाचे सिमेंट संपले. यामिनीने अहवालात लिहिले, "खांबसदृश कामे : तीन." लिहिताना तिचा हात अडखळला. साहेबांनी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारल्यावर तो पुन्हा कधी अडखळला नाही.

मार्चअखेर प्रगती शहाण्णव टक्क्यांवर पोहोचली. तेव्हा सर्वांच्या मोबाईलवर दीड पानी निवेदन गेले. त्याच्या शेवटी होते : 'प्रगती आपल्यापर्यंत पोहोचली असल्यास अंगठा दाखवावा. सर्वांचे अंगठे आल्यास काम पूर्ण समजण्यात येईल.' सर्वांचे अंगठे आले. यामिनी तेव्हा तालुक्याच्या बैठकीत होती. तिने टेबलाखालूनच आपला दिला. काम पूर्ण झाले. आसाराम घरी गेला.

एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस झाला आणि ओढा भरून वाहू लागला. ऊसतोडीहून परतलेल्या बिभीषणची ट्रॉली काठावर थांबली. ट्रॉलीत त्याची आई मनकर्णा होती, आणि आठवा महिना सरत आलेली बायको राजेश्वरी. बिभीषणने फोन करून यामिनीला बोलावून घेतले.

"मॅडम, पूल झाला म्हनून हिला घेऊन आलो. न्हाईतर तिकडंच दवाखाना बघितला असता. आता बाळंतपण कुठल्या काठाला करू?"

यामिनीने मोबाईल काढून त्याच्यासमोर धरला. "हा तुमचाच अंगठा ना? वर काय लिहिलंय ते वाचलं नाही?"

"लई लांब हुतं," बिभीषण म्हणाला.

मनकर्णा ट्रॉलीतून खाली उतरली. "मी जलमभर अंगठा दिला. मला वाचता येत न्हवतं," ती मुलाला म्हणाली. "तू तर धावी पास हायेस."

मग तिने यामिनीच्या हातातल्या मोबाईलवर, बिभीषणच्या अंगठ्याखालच्या दुसऱ्या अंगठ्याकडे बोट केले; त्याच्या शेजारी यामिनीचा फोटो होता. "मॅडम, तुमी किती शिकल्या?"