त्र्याऐंशीपुढे नको

ओरिन पेल्कींनी जानेवारीत पाद्रीबाबांच्या टपालपेटीवर पिकअप घातली आणि गाडी बर्फावरून घसरली असं गावाला सांगितलं. गावाने मान डोलावली. त्यांच्या मुलीने, रोंडाने, मात्र त्याच सकाळी त्याच रस्त्यावरून शाळेची बस नेली होती. रस्ता कोरडा होता.

ओरिन चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि एकतीस वर्षं गावच्या कारभारी मंडळाचे अध्यक्ष. व्हरमाँटमधल्या वेस्ट टॅमरॅक गावात याहून मोठा मान नाही आणि याहून मोठा तापही नाही. रस्त्याखालची मोरी तुंबली, झाड आडवं पडलं, की फोन त्यांना, आणि ओरिन लगेच गाडीत. दर वेळी ते परत येईपर्यंत रोंडाचा जीव खिडकीत असे. पण "आता पुरे करा" असं त्यांच्या तोंडावर म्हणायची तिची छाती नव्हती. आई गेल्यापासून त्यांना दुसरं होतंच काय?

मग तिने आडवाट धरली. गावच्या कुठल्याही पदावर पंच्याहत्तरीपुढचं कोणी नको, असा ठराव लिहून तिने दुकानात कॉफीच्या यंत्राशेजारी सह्यांसाठी ठेवला. कोणाचं नाव नाही, म्हणजे कोणाचं मन दुखायचं कारण नाही. आठवड्यात हव्या तेवढ्या सह्या जमल्या.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी शाळेच्या जिममध्ये गावसभा भरली. ठरावाची पाळी आली तशी रोंडा उभी राहिली.

"दरवर्षी डॉक्टर माझे डोळे तपासतात, तेव्हा कुठे बसची किल्ली हातात मिळते. गाव चालवणाऱ्याला कोणी काही विचारतं का? माझं एवढंच म्हणणं आहे."

मागे न बघता ती खाली बसली. शेवटच्या रांगेत वडील डोनट खात होते.

सभाध्यक्ष व्हेल्माने हातोडी उचलली आणि परत ठेवली. "मी एकोणऐंशीची आहे. हा ठराव मंजूर झाला, तर तो मंजूर झाला हे सांगणार कोण?"

हे रोंडाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ऐंशी करून टाका," कोणीतरी म्हणालं. एवढ्याने काय बिघडतंय, म्हणून रोंडानेही हात वर केला. ऐंशी झाले.

गावचं दफ्तर सांभाळणाऱ्या एल्वुडने शांतपणे पेनाला टोपण लावलं. "मग लिहून घ्यायला दुसरा माणूस बघा. मी ब्याऐंशीचा आहे."

एल्वुडच्या कपाटातले कागद फक्त एल्वुडलाच सापडत. घाईघाईने त्र्याऐंशी झाले.

"आणि आपला ओरिन?" पाद्रीबाबांनी विचारलं. "माझ्या टपालपेटीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण रस्त्यांचं त्याच्याइतकं कोणाला कळतं?"

"खरंच की. चौऱ्याऐंशीचा ना तो? सरळ नव्वद करा."

"शंभरच करा ना."

"मग ठराव तरी कशाला हवा?"

नव्वदवर टाळ्या पडल्या. वडिलांना गाडीतून खाली उतरवायला निघालेली रोंडा आता त्यांना आणखी सहा वर्षं कायद्याने गाडीत बसवत होती.

"व्हेल्मा, माझी एक दुरुस्ती आहे." शेवटच्या रांगेत खुर्चीला धरून ओरिन उभे होते. "त्र्याऐंशीच राहू दे."

"अरे, मग तू एकटाच बाहेर पडतोस."

"गणित येतं मला."

"उभं राहून मत द्या," व्हेल्मा म्हणाली. "गुडघे दुखत असतील त्यांनी काठी वर करा."

काठ्या धरून मोजणी झाली. सात मतांनी त्र्याऐंशी मंजूर झाले. मग ओरिनच्या जागी कोण, असं व्हेल्माने विचारताच सगळी जिम आपापल्या बुटांकडे बघू लागली.

ओरिन अजून उभेच होते. "मी रोंडाचं नाव सुचवतो. गावातला प्रत्येक रस्ता ती दिवसातून दोनदा बघते. डोळेही तपासलेले आहेत."

पाद्रीबाबांनी अनुमोदन दिलं. रोंडाने तोंड उघडायच्या आत व्हेल्माची हातोडी पडली.

परतताना गाडी रोंडाने चालवली.

"सोडायचंच होतं, तर राजीनामा द्यायचा ना, डॅड."

"चारदा दिला. चारही वेळा सभेने माझंच नाव परत सुचवलं, आणि व्हेल्माची हातोडी तू बघितलीसच. तुझ्या कागदावरची पहिली सही कोणाची, ते वाचलंस?"

रोंडाने सह्या नुसत्या मोजल्या होत्या. "मला सांगायचं तरी."

"तू कुठे सांगितलंस?"

तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. आता ते घरी बसणार होते. मग तिच्या डोक्यात वजाबाकी सुरू झाली.

"मी अठ्ठावन्नची. म्हणजे माझी अजून पंचवीस वर्षं."

"पंच्याहत्तर ठेवले असतेस तर सतरा," ओरिन म्हणाले. "ऐंशीला तू हात वर केलास. मागून दिसलं मला."

घरात शिरले तर स्वयंपाकघरात फोन वाजत होता. ओरिननी सावकाश बूट काढले, आरामखुर्चीत बसले आणि पेपर उघडला.

"बघ गं," ते पेपरामागून म्हणाले. "तुझाच असणार."